काखेतली पाच मिनिटं

आमच्या घरी थर्मामीटरची जागा ठरलेली होती. मधल्या खोलीतला कोनाडा, आजीच्या औषधांच्या डब्यामागे, निळ्या टोपणाची नळी. नळीच्या तळाशी कापसाचा बोळा. आई प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका होती, त्यामुळे ती नळी आमच्या एकट्याची नव्हती, सगळ्या आळीची होती. रात्री दहा-अकराला दाराची कडी वाजायची. "बाई, पोराला जरा बघता का? लई फणफणलाय." आई पदर खोचून पायात चपला सरकवायची, नळी घ्यायची आणि निघायची. सुट्टीचे दिवस असले की मीही मागोमाग.

तिचं ताप बघणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. आधी ती थर्मामीटर दिव्याच्या उजेडात धरून बोटांत हळूहळू फिरवायची. काच अशी घडवलेली असते की पाऱ्याची रेघ एकाच कोनातून जाड आणि चकचकीत दिसते, जरा बोट हललं की गायब. रेघ सापडली की मनगटाला दोन-तीन झटके, पारा ९५ च्या खाली जाईपर्यंत. मग पोराची काख कोरड्या फडक्यानं पुसायची, कारण घामानं ओली काख गार असते आणि ताप कमी दाखवते. चंदेरी टोक काखेच्या अगदी मधोमध, दंड अंगाशी दाबलेला, त्याचा पंजा पलीकडच्या खांद्यावर. आणि आईचा हात त्या दंडावर, पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांत ती बोलत राहायची. काय खाल्लं? लघवी झाली का? पाणी कुठलं पितोय, आडाचं की नळाचं? शेजारी कुणाला आहे का ताप? अंगावर पुरळ? मान दुखते का रे? मला वाटायचं, वेळ घालवायला गप्पा मारतेय. पुष्कळ वर्षांनी उमगलं की खरी तपासणी तेवढ्यात उरकलेली असायची. आकडा शेवटी यायचा.

शाळेत शिकताना मला थर्मामीटरची एक गोष्ट फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा आईचे ते दाबलेले हात डोळ्यांपुढे आले. थर्मामीटर कुणाचंच तापमान सांगत नाही, तो फक्त स्वतःचं सांगतो. काखेत ठेवला की अंगातली ऊब काचेतून पाऱ्यात उतरते, पारा फुगतो, नळीत चढतो. आणि अंग नि पारा यांच्यात देण्याघेण्याचं काही उरलं नाही की थांबतो. तेव्हा कुठे त्याचं तापमान आणि पोराचं तापमान एक झालेलं असतं. म्हणजे मोजायचं असेल तर आधी त्याच्यासारखं व्हावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. दोन मिनिटांत काढला तर तो खोटं बोलत नाही, त्याचं चढणं अजून पुरं झालेलं नसतं, एवढंच.

आजीचा या सगळ्यावर फारसा विश्वास नव्हता. तिचा हात होता. तळहात नव्हे, पालथा हात. आधी कपाळाला, मग मानेला, मग पोटाला. पोट गरम आणि हातपाय गार म्हणजे ताप अजून चढणार, अंगावर घाला काहीतरी. हातपायही गरम झाले म्हणजे चढायचा तेवढा चढला, आता पट्ट्या ठेवा. ताप चढताना कातडीतलं रक्त आत ओढलं जातं म्हणून हातपाय गार पडतात आणि हुडहुडी भरते, हे मी नंतर वाचलं. आजीला ते हातानं ठाऊक होतं. तिच्याजवळ शब्दही केवढे! कणकण वेगळी, कसकस वेगळी, अंग मोडून येणं वेगळं. कडत, कोमट, सोसवेल असं, चटका बसेल असं. विरजण लावायचं दूध करंगळी बुडवून बघायचं, आणि तो अंदाज चाळीस अंशांच्या आसपासच असायचा. दह्यातल्या जिवाणूंना हवी असते तेवढीच ऊब.

पण हाताची खोड एकच, तो तुलना करतो. सहावी-सातवीत आम्ही तीन पातेल्यांचा प्रयोग केला होता. एकात बर्फाचं पाणी, एकात सोसवेल इतकं कडत, मधल्यात साधं. एक हात गार पाण्यात, एक कडत पाण्यात, थोड्या वेळानं दोन्ही मधल्यात. तेच पाणी एका हाताला गरम, दुसऱ्याला गार. चुलीपुढून उठून आलेल्या आजीच्या हाताला तापलेलं पोर कोमट लागायचं, आणि विहिरीवरून धुणं धुऊन आलेल्या काकूला धडधाकट पोरही तापलेलं वाटायचं. आणखी एक गोष्ट आई सांगायची, जी कुठल्या पुस्तकात नाही: आईच्या हाताला ताप लागू नये असं वाटत असतं, म्हणून तो लागत नाही. "माया असलेल्या हातानं ताप बघू नये," म्हणायची. आम्हा भावंडांना बरं नसलं की ती स्वतः आधी थर्मामीटर लावायची आणि हात नंतर.

फॅरनहाइट नावाच्या माणसाचीही सुरुवात काखेतूनच झाली होती, हे कळलं तेव्हा मला आनंदच झाला. डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट, डान्झिगमध्ये १६८६ साली जन्मलेला, हॉलंडमध्ये उपकरणं बनवून पोट भरणारा. त्यानं १७१४ च्या सुमारास पाऱ्याचे थर्मामीटर केले, आणि ते एकमेकांशी जुळणारे केले, ही त्याची खरी करामत. तोवर दोन कारागिरांचे दोन थर्मामीटर दोन आकडे दाखवत. १७२४ मध्ये त्यानं आपली मोजपट्टी कशी आखली ते लिहिलं: बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य, नुसत्या बर्फाच्या पाण्याला ३२, आणि निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत धरला तर ९६. पुढे उकळत्या पाण्याला २१२ धरून पट्टी पुन्हा नीट बसवली गेली, तेव्हा माणूस दोन-अडीच अंशांनी वर सरकला.

गंमत म्हणजे आपण मराठी माणसं आजही दोन पट्ट्यांवर एकदम जगतो आणि कुणाचा घोळ होत नाही. "चंद्रपूरला ४५ गेलंय" म्हटलं की ते सेल्सिअस, "बाळ्याला १०२ आहे" म्हटलं की फॅरनहाइट. ऊन एका भाषेत, ताप दुसऱ्या. माझ्या अमेरिकेतल्या मावसबहिणीचं याच्या अर्ध्यात उलटं झालंय. तिच्याकडे ऊनही फॅरनहाइटमध्ये, त्यामुळे तिनं "आज १०१ आहे" म्हटलं की आम्ही आधी विचारतो, कुणाला?

तापाचा थर्मामीटर मुळात हातभर लांब होता, आणि वीसेक मिनिटं धरून बसावं लागे. डॉक्टर तो बरोबर नेणार कसा? १८६० च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्सच्या थॉमस क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरनं तो सहा इंचांवर आणला. खिशात मावेल असा, आणि पाच मिनिटांत सांगणारा. आईची पाच मिनिटं तिथून आली असतील असं मला वाटतं. जवळपास त्याच काळात जर्मनीतल्या लाइपझिगला कार्ल वुंडरलिश हा डॉक्टर जवळजवळ पंचवीस हजार रोग्यांच्या काखेत थर्मामीटर लावून रोजच्या नोंदी करत होता. त्याचं पुस्तक १८६८ चं. ताप हाच आजार, अशी तोवरची समजूत होती. ताप हे आजाराचं लक्षण आहे आणि प्रत्येक आजाराच्या तापाला स्वतःची चाल असते, हे त्यानं मांडलं. ३७ अंश सेल्सिअस हा आकडा त्याचाच. तो फॅरनहाइटमध्ये बदलला की ९८.६ येतो, आणि त्या दशांशामुळे उगाच वाटतं की फार काटेकोर काहीतरी आहे. मुळात तो एक गोळाबेरीज आकडा. १९९२ मध्ये अमेरिकेत पुन्हा मोजून पाहिलं तर सरासरी ९८.२ आली. शिवाय पहाटेचं अंग आणि संध्याकाळचं अंग यांत एखाद्या अंशाचा फरक निरोगी माणसातही असतोच. म्हणून ९८.८ दिसलं की घाबरून फोन करणाऱ्या मैत्रिणींना मी सांगते, किती वाजता बघितलंस ते आधी सांग.

तापाची चाल मी स्वतः जगलेय. नऊ वर्षांची होते, मुदतीचा ताप आला. या दोन शब्दांचं मला फार अप्रूप वाटतं. मुदतीचा ताप! टायफॉइड हे नाव गावात पोचायच्या आधीपासून आपल्या भाषेला माहीत होतं की हा ताप आपली मुदत घेऊन येतो. तसाच हिवताप, जो हीव भरवून येतो. एक दिवस आड येणारा वेगळा, रोजचा वेगळा. वुंडरलिशनं आलेख काढले, आपल्या बायकांनी नावं ठेवली.

आईनं माझाही आलेख काढला होता. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून, माझ्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन चौकटी आखल्या. दिवसातून चार वेळा: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. प्रत्येक टिंबाजवळ आकडा, आणि बारीक अक्षरात 'का'. म्हणजे काखेत. तोंडात घेतला तर 'तों'. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा-एक अंश कमी येतो. पुष्कळ घरांत काखेतल्या आकड्यात एक मिळवून सांगतात. आईला ते आवडायचं नाही. "मिळवू नका. जे दिसलं ते लिहा आणि कुठं बघितलं ते लिहा. हिशेब डॉक्टर करतील." पहिल्या आठवड्यात ती टिंबं जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेली, संध्याकाळी वर, सकाळी थोडं खाली, पण रोजची सकाळ कालच्या सकाळपेक्षा वरची. तालुक्याच्या डॉक्टरांनी मला तपासायच्या आधी ते पान हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले, एवढं मला नक्की आठवतं.

थर्मामीटर झटकावा का लागतो, हेही आईनं तेव्हाच दाखवलं. टोकाच्या थोडं वर नळीला एक बारीक चिमटा असतो. पारा फुगताना तिथून जोरानं वर जातो, पण गार होताना मागे येऊ शकत नाही, रेघ तिथे तुटते. म्हणून काखेतून काढल्यावरही चढलेला आकडा तसाच राहतो, निवांत वाचता येतो. झटका दिला की पारा त्या चिमट्यातून परत खाली. ज्यानं ही युक्ती काढली त्याला अंधाऱ्या खोलीत, एका दिव्याच्या उजेडात आकडा वाचणाऱ्या बाईची अडचण नेमकी कळली होती.

पुढे नोकरीला पुण्याला आले. शिवाजीनगरला ज्या इमारतीला रिक्षावाले शिमला ऑफिस म्हणतात, ती हवामान खात्याची. १८७५ साली सुरू झालेल्या या खात्याचं मुख्यालय आधी कलकत्त्याला, मग शिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला आलं आणि नाव मात्र डोंगरावरचं घेऊन आलं. मुख्यालय १९४४ ला दिल्लीला गेलं, नाव राहिलं. तिथे एकदा ओळखीनं वेधशाळेचं अंगण बघायला मिळालं. हिरवळीवर चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंनी झडपांची. स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकात बेतलेली. ऊन थेट लागू नये, जमिनीची धग लागू नये, वारा मात्र खेळता राहावा. दार उत्तरेला, म्हणजे उघडल्यावरही ऊन आत शिरत नाही.

पेटीच्या आत बघितलं आणि मला आईच्या निळ्या नळीची आठवण झाली. दिवसाचं कमाल तापमान धरणाऱ्या थर्मामीटरला तोच चिमटा होता. दुपारी पारा जिथवर चढला तिथेच थांबलेला, कुणीतरी येऊन वाचेपर्यंत. आभाळाचा ताप बघायचा थर्मामीटर आणि पोराचा ताप बघायचा थर्मामीटर एकाच घराण्यातले. किमान तापमानाचा मात्र वेगळा, आडवा ठेवलेला, त्यात पारा नाही, अल्कोहोल. अल्कोहोलच्या आत एक इवलीशी काडी. थंडीनं द्रव मागे सरतो तेव्हा आपल्या टोकाबरोबर काडीला ओढत नेतो. सकाळी ऊब आली की द्रव काडीला ओलांडून पुढे जातो, काडी तिथेच. पहाटे कुणी जागं नसताना किती थंडी पडली, ते ती काडी सकाळी सांगते.

चौथ्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळलं होतं, आणि त्याची वात खाली पाण्याच्या कुपीत. तो नेहमी शेजारच्या कोरड्या थर्मामीटरपेक्षा कमी दाखवतो. तिथल्या गृहस्थांनी समजावायला सुरुवात केली, पण मला आधीच कळलं होतं. तो आपला माठ! माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, वाफ होऊन जाताना आतली ऊब घेऊन जातं. हवा कोरडी असली तर माठ गारेगार. पावसाळ्यात, किंवा कोकणात मे महिन्यात, माठाला जोर येत नाही. ओल्या आणि कोरड्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा काढतात. आपलं शरीरही घामानं माठच होत असतं. म्हणून नागपूरचं ४४ सोसणारा माणूस मुंबईच्या ३६ ला जेरीस येतो.

आत्या दिली आहे निफाड तालुक्यात. तिच्याकडे थंडीत गेलं की थर्मामीटर किती जिवावरचा असतो ते दिसतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात छापून येतो, पुणे-मुंबईकर तो वाचून स्वेटर काढतात. पण तिथल्या द्राक्षवाल्यांना तो आकडा सकाळी पेपरात कळून उपयोग नाही, पहाटे तीनला कळायला हवा. आत्याच्या थोरल्यानं बागेत, ओळींच्या मधोमध, घडांच्या उंचीवर एक थर्मामीटर टांगलाय. घराच्या ओसरीवर ९ असतं तेव्हा सखल कोपऱ्यात ६ असतं, कारण गार हवा जड, ती पाण्यासारखी वाहत खालच्या बाजूला साचते. पारा घसरायला लागला की घरची माणसं उठतात, ठिकठिकाणी शेकोट्या, ठिबकचं पाणी चालू. जमिनीखालचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. कडाक्याच्या थंडीत मणी फुगायचे थांबतात, आणि पिकत आलेले तडकतात. मी एकदा त्या पहाटे त्याच्याबरोबर होते. तो बॅटरी मारून थर्मामीटर बघायचा, पण श्वास रोखून. "तोंडाची वाफ लागली तरी चढतो, ताई."

मामाच्या गुऱ्हाळावर याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं पाहिलं. काहिलीत रस आटत आला की गुळव्या सांगेल तेव्हाच ती उतरवायची. क्षणभर लवकर उतरवली तर काकवी, क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो. गुळवे आण्णा पळीनं चार थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडायचे, बोटांत गोळी वळायचे, ती वाटीच्या कडेवर आपटून आवाज ऐकायचे. मामानं एका हंगामात लांब दांड्याचा, तबकडीचा थर्मामीटर आणला. तबकडीच्या आत पारा नसतो. दोन धातूंच्या एकमेकींना चिकटवलेल्या पट्ट्यांची गुंडाळी असते, एक धातू जास्त फुगतो, एक कमी, त्यामुळे गुंडाळी पीळ घेते आणि काटा फिरतो. इस्त्री मध्येच टक् करून बंद होते ती याच पट्टीमुळे, आणि बेकरीच्या भट्टीवरची तबकडीही तीच.

साखरेच्या पाण्यात थर्मामीटर खरं तर उष्णता मोजत असतानाच पाणी किती उरलंय ते मोजतो. जसजसं पाणी उडतं तसतसा रस अधिक तापल्याशिवाय उकळत नाही. १०५-१०६ ला काकवी, ११८ च्या आसपास गूळ. आण्णांनी महिनाभर गोळीही वळली आणि काटाही बघितला. बहुतेक वेळा दोन्ही जुळायचे. नदीकाठच्या खारवट जमिनीचा ऊस आला त्या दिवशी काटा ११८ वर आला, मामानं हाळी दिली आणि आण्णा म्हणाले, "थांबा. ह्यो बसायचा न्हाई." गोळी मऊ होती. काट्यानं रसाचा ताप बरोबर सांगितला होता, उसाची जमीन सांगणं त्याचं काम नव्हतं. त्यानंतर आण्णा दोन्ही वापरत राहिले, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा पोरगा आधी काटा शिकला, मग गोळी.

आईच्या केंद्रातला फ्रीज आणि त्यातला लाल रेघेचा थर्मामीटर यावर मी वेगळा लेख लिहू शकेन. लसी २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत. रोज दोनदा आकडा वहीत, रविवारीसुद्धा, दिवाळीच्या दिवशीसुद्धा. भारनियमनाच्या वर्षांत ती झाकण उघडूच द्यायची नाही कुणाला. लोकांना वाटतं जितकं गार तितकं चांगलं. पण त्रिगुणीसारखी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरची) लस गोठली की वाया गेली, दिसायला तशीच दिसते तरी. पोलिओच्या कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत एक फिका चौकोन असतो, आजही. ऊब सोसली की चौकोन गडद होत जातो, भोवतीच्या गोलाइतका झाला की कुपी फेकायची. आकडा नाही, काटा नाही, तरी तो थर्मामीटरच, आणि त्या क्षणाचा नव्हे तर कारखान्यापासून पोराच्या तोंडापर्यंतच्या सगळ्या प्रवासाचा. लिहिता-वाचता न येणारी मदतनीसही तो वाचू शकते. मला हे सगळ्यांत सुंदर उपकरण वाटतं.

आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जातं. ती निळी नळी माझ्या हातून फुटली. बारा वर्षांची होते, झटकायला गेले आणि खाटेच्या दांड्यावर आदळली. शहाबादी फरशीवर पाऱ्याचे मोती पळाले. आम्ही भावंडांनी पोस्टकार्डानं ते एकमेकांकडे ढकलले, दोन मोती जवळ आणले की एक व्हायचा, दाबला की दहा. आठ दिवस काडेपेटीत घालून उशाशी ठेवला. आजीनं बघायला हातात घेतला आणि तिच्या अंगठीवर पांढरा डाग पडला. सोनं पाऱ्याला पटकन आत घेतं. आईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. अंगठीचं तिला काही नव्हतं. ती म्हणाली, "हे आठ दिवस तुमच्या उशाशी होतं?"

पारा दिसतो तेवढाच नसतो, त्याची वाफ दिसत नाही. ज्यांच्या घरी अजून जुना काचेचा आहे, आणि तो पुष्कळ घरांत आहे, त्यांच्यासाठी सांगते. फुटला तर पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा. झाडू लावू नका, व्हॅक्यूम तर नाहीच; त्यानं थेंब बारीक होऊन पसरतात. जाड कागदानं गोळा करा, उरलेले कण चिकटपट्टीनं उचला, झाकणाच्या बरणीत बंद करा. मोरीत ओतू नका. आणि थर्मामीटर कधी कढत पाण्यानं धुऊ नका, त्याची उडी ४२ अंशांपर्यंतची, पुढे काच फुटते. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, जपानमधल्या ज्या गावच्या माणसांनी पाऱ्याचं विष भोगलं त्याच्या नावानं. भारतानंही त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना तर त्याच्याही आधी, २००१ मध्ये, पाऱ्याच्या कचऱ्यापायी बंद झाला होता. उपकरण घराघरात पोचलं तेव्हा ते बनवणाऱ्या हातांना काय लागलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता पारा बहुतेक भाषेतच उरलाय. पेपरात तो चढतो, घसरतो. हवामान केंद्रांवर मापन करतात ते बहुधा तारेतल्या विजेच्या अडथळ्यावरून. घरातल्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकात मोहरीएवढा अर्धवाहक असतो, उबेप्रमाणे त्याचा अडथळा बदलतो. आणि ती कपाळावर रोखायची बंदूक अंगातून निघणारे अवरक्त किरण टिपते. १८०० साली विल्यम हर्शेलनं लोलकातून पडलेल्या रंगांवर काळ्या टोकाचे थर्मामीटर ठेवले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यांत जास्त चढला. थर्मामीटरनं हे किरण शोधले, आणि सव्वादोनशे वर्षांनी याच किरणांनी थर्मामीटरला अंगाला हात न लावण्याची सोय करून दिली.

२०२० मध्ये आमच्या सोसायटीच्या फाटकावर ती बंदूक आली. तरुण पहारेकरी मनगटावर रोखायचा, वहीत लिहायचा: ९४.३, ९३.८, ९४.१. पानंच्या पानं. त्यात कुणालाच ताप नव्हता, आणि जगण्याइतकी ऊबही नव्हती. उन्हातून स्कूटरवर आलेल्या बाईला १००, तिला पाच मिनिटं सावलीत थांबवा म्हणायला कुणी सांगितलेलं नाही. दोष त्या पोराचा नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की कपाळावर घाम नको, अंतर ठरलेलंच हवं, माणूस थोडा वेळ सावलीत असावा. मी त्याला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, जवळ जायचं नाही म्हणूनच तर हे दिलंय ना?" त्याचं बरोबर होतं. त्या दिवसांत जवळ जायची भीती होती, आणि ती बंदूक त्या भीतीसाठीच होती. स्वयंपाकघरात मी आता ती वापरते, तव्यासाठी, तेलासाठी. चकचकीत स्टीलवर मात्र ती फसते. स्टील स्वतःचे किरण फार कमी सोडतं आणि समोरच्याचेच परतवतं.

आई आता पंच्याहत्तर वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री तिला हुडहुडी भरली. मी कपाटातून डिजिटल काढला, तिची काख पुसली, टोक मधोमध ठेवलं, दंड दाबून धरला. मिनिटाभरात तो वाजला. १००.६. मी काढायला लागले तर तिनं डोळे मिटलेलेच ठेवून माझा हात धरला.

"वाजला म्हणून काढू नकोस. राहू दे."

वाजतो तेव्हा त्याचं एवढंच म्हणणं असतं की आता आकडा भराभर बदलत नाहीये. काखेत तो त्यानंतरही हळूहळू चढत राहतो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिचा दंड धरून बसले. तेवढ्यात विचारलं, रात्री काय जेवलीस, लघवीला जळजळ होते का, कंबर दुखते का. "होते," ती म्हणाली, "चार दिवस झाले. तू विचारलं नाहीस."

पाच मिनिटांनी १०१.२. मी वहीत लिहिलं: रात्री १.१०, १०१.२, का. त्याखाली लिहिलं: लघवीला जळजळ, चार दिवस. सकाळी डॉक्टरांकडे जाताना तिनं ती वही मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि 'का' चा काना पेननं गडद केला.